जावयावर पडलेला वीस

जठारपेठ, अकोला
दिवाळीच्या आधीचा सोमवार

रा. रा. डोमाजीराव,
आमचे होणारे व्याही, निवृत्त पी. टी. मास्तर आणि अर्ध्या अमरावतीच्या तळहातांवर स्वतःच्या छडीची सही ठेवणारे गृहस्थ, यांसी अकोल्याहून खुशालरावाचा रामराम पोचावा.

इकडे सर्व ठीक. आमच्या सौ. जमुनेची कंबर थंडीची वाट न पाहताच दुखू लागली आहे, लेक रागिणीची नोकरी चालू आहे आणि माझी भूक कोणीही विचारू नये इतकी चांगली आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता ना? (लावत नाही, हे मला ठाऊक आहे. शकुनताई समोर असल्या की बाटली उघडता, हुंगता, 'वा' म्हणता आणि परत ठेवता. बातमी पक्की आहे, बातमीदाराचं नाव विचारू नये.) फोन सोडून पत्र का लिहितोय, असं वाटेल. तर फोनवर तुम्ही मैदानावर कवायत घेतल्यासारखे बोलता, आणि तिकडून 'हॅलो' आलं की आमच्या घरात सगळे सावधान उभे राहतात. शिवाय मामला नाजूक आहे आणि रागिणीचे कान तिखट आहेत. म्हणून हे पत्र जमुनेच्या हातच्या पातोडीच्या डब्यात ठेवून सकाळच्या अमरावती गाडीच्या वाहकाकडे देत आहे. पोरगा ओळखीचा आहे, माझ्या हाताखालून गेलेला आहे, पत्र फोडणार नाही. डब्याची मात्र खात्री देत नाही. झाकण सैल दिसलं तर पातोडी कमी भरली होती असं समजू नका.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या कानावर असं आलं आहे म्हणे, की मी नांदगाव पेठेला जाऊन तुमच्या नितेशला कारखान्याच्या फाटकाबाहेर, चहाच्या टपरीवर, चार लोकांदेखत मारलं. शकुनताई दोन दिवस जेवल्या नाहीत असंही कळलं. (दुसऱ्या दिवशी एकादशी होती हेही कळलं, पण ते असो.) डोमाजीराव, मी तुमच्या पोराला बोटसुद्धा लावलेलं नाही. खरं सांगायचं तर बोट लावलं नाही हेच सगळं भांडण आहे. ते कसं, ते समजून घ्यायला तुम्हाला आधी आमच्या बैठकीत दर रविवारी चालणारा खेळ समजून घ्यावा लागेल. त्यात धावणं, उड्या मारणं, शिट्टी वाजवणं काही नाही, त्यामुळे तुमच्या लेखी तो खेळच नाही. तरी दमानं वाचा.

आमच्या शेजारच्या शुभमनं हा खेळ आणला. तो, रागिणी आणि ऑफिसातली तिची मैत्रीण वर्षाली, असे तिघं आमच्या बैठकीत सतरंजी टाकून बसत. शुभम गोष्ट सांगतो: तुम्ही जंगलात आहात, समोर दरी आहे, दरीतून राक्षस वर येऊन राहिला. बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेलं असतं, आणि त्या सोंगाच्या अंगाने 'मी आता असं करतो' म्हणून सांगायचं. (आमची रागिणी त्यात चोर आहे. साक्षगंधाआधी हे सांगायला हवं होतं, पण तुम्ही विचारलं नाही. तुम्ही फक्त स्वयंपाक येतो का एवढंच विचारलंत, त्याबद्दलही आम्ही थोडं खोटंच बोललो.) तलवार चालवली की ती लागली की हुकली हे फासा ठरवतो. हा फासा आपल्या सोंगट्यांच्या फाशासारखा नसतो, त्याला वीस तोंडं असतात. मोठा आकडा आला की घाव लागतो, लहान आला की हुकतो. आणि खुद्द वीस पडला, तर समोरचा कितीही चिलखतात असो, घाव बसतोच आणि दुप्पट बसतो. खेळाच्या पुस्तकात एवढंच आहे.

पण आपल्या माणसांचं पुस्तकावर कुठं भागतं? प्रत्येक टोळी घरचे नियम करते. आमच्या रागिणीनं असा नियम काढला की वीस पडला की नुसता दुप्पट मार पुरे नाही, काहीतरी तुटलं पाहिजे. शुभमनं तक्ता केला: कान, डोळा, बोटं, गुडघा. पहिले काही रविवार पोरांनी राक्षसांचे कान असे उडवले की बैठकीत नुसता जल्लोष. मग शुभम म्हणाला, नियम सगळ्यांना सारखा, राक्षसाचा वीस पडला तर तुमचंही तुटेल. मी तेव्हा पेपर वाचत बसलो होतो, तरी मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. अकोट स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म घालवलाय मी. खड्डा सगळ्यांना सारखाच असतो, पण प्रवासी त्यातून एकदा जातो आणि ड्रायव्हर रोज जातो. राक्षस एका रविवारी येतो आणि मरतो, त्याला कान असला काय, नसला काय. तुम्ही मात्र दर रविवारी तेच. कान तुमचेच सरतील! रागिणी म्हणाली, "बाबा, तुमीच येऊन बसा ना मंग." असा मी खेळात आलो. मला म्हाताऱ्या वैद्याचं सोंग दिलं. काम एकच, ज्याला लागलं त्याला पट्टी बांधायची. मला ते आवडलं. एसटीत कोणी कोणाला पट्टी बांधत नाही, चौकशी लावतात.

साक्षगंध झालं आणि तुमचा नितेशही रविवारी येऊ लागला. सकाळच्या गाडीने यायचा, संध्याकाळच्या गाडीने जायचा. त्यानं सरदाराचं सोंग घेतलं, वज्रसेन. हातात ढाल, सगळ्यांच्या पुढं उभा राहणारा. मी जमुनेला आत जाऊन सांगितलं, पोरगं चांगलं आहे, पुढं उभं राहतं. जमुना खूश झाली आणि जावई आत काय पराक्रम करतो ते बघायला दाराशी येऊन उभी राहिली, आणि इथंच माशी शिंकली. पहिल्याच लढाईत शुभमच्या राक्षसाचा वज्रसेनावर वीस पडला. शुभमनं तक्ता पाहिला आणि जाहीर केलं की डावा कान गेला. जमुनेच्या हातातलं ताट तिथंच थांबलं. "कोनाचा कान?" म्हणाली. शुभम म्हणाला, "नितेशभाऊचा, काकू." डोमाजीराव, तुम्ही पी. टी. मास्तर असाल, पण त्या क्षणी तुम्हीसुद्धा उठाबशा काढल्या असत्या. "या घरात जावयाच्या अंगाले कोनी हात लावला नाई अजून," ती म्हणाली, "धरायचा नाई तो वीस. दुसरा टाक." शुभमनं आजवर तिच्या हातची किती पातोडी खाल्ली असेल याचा हिशोब नाही. पोरगं मिठाला जागलं. दुसरा फासा टाकला.

तिथून आमच्या घरचा नियम सुरू झाला: जावयावर पडलेला वीस धरायचा नाही. पण शुभमची सदसद्विवेकबुद्धी मधेच जागी होते. तो म्हणाला, काकू, वीस पडला म्हणजे तो कुठंतरी गेला पाहिजे, हवेत कसा विरेल? जमुनेनं क्षणभर विचार केला, बैठकीत नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "यायच्यावर टाक. सासरे हायेत ना." (आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, इतक्या पटकन तिला माझी आठवण कधी झाली नव्हती.) तेव्हापासून वज्रसेनावर येणारा प्रत्येक वीस माझ्या वैद्याच्या अंगावर पडू लागला. नवरात्र बसेपर्यंत माझ्या वैद्याला कान नव्हते, एक डोळा नव्हता, बोटं मोजकी उरली होती. गुडघा तुमच्यासारखाच झाला होता, तेल न लावल्यासारखा. पट्टी बांधणारा मी आणि सगळ्या पट्ट्याही मलाच. मी तक्रार केली नाही. जावयाचा मान असतो, तो सासऱ्यानंच राखायचा. आमच्या मामांनी जावयाच्या पानात तूप वाढून आपण कोरडं खाल्लेलं मी पाहिलेलं आहे.

नितेश मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालला. मला वाटलं, पोरगं लाजतंय. मग तो पुलाचा रविवार आला. गोष्टीत आम्ही सगळे एका राक्षसापासून पळत होतो आणि मधे नदीवर अरुंद पूल होता. नितेश म्हणाला, तुम्ही सगळे पलीकडे जा, मी पुलावर एकटा उभा राहतो. आम्ही पलीकडे गेलो. वर्षालीनं डोळे पुसले, रागिणी त्याच्याकडे अशी बघत होती की मी छताकडं बघितलं. शुभमनं सगळ्यांसमोर फासा टाकला. वीस. नितेश फासा उचलून उभाच राहिला, चेहरा फुललेला, जणू पहिला नंबर आला. "लागला!" म्हणाला. तेवढ्यात आतून आवाज आला, धरायचा नाही म्हणून. झालं. पुलावरच्या जावयासाठी उगारलेली गदा नदी ओलांडून पलीकडच्या काठाला झाडाखाली बसलेल्या माझ्या एका डोळ्याच्या वैद्याच्या डोक्यात बसली आणि मी नदीत पडलो. नितेशनं फासा हळूच सतरंजीवर ठेवला. "सहाची गाडी हाये, निंगतो मी," म्हणाला. पातोडीचा रस्सा ताटात निवत राहिला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. रागिणीला विचारलं तर ती म्हणायची, काही नाही. काही नाही म्हणणाऱ्या पोरीचे डोळे तसे नसतात, हे बापाला कळतं. रात्री ती ताटावरून लवकर उठायला लागली. तारीख ठरलेली, हॉल ठरलेला, आणि पोरगा येत नाही.

आता आम्ही काय समजावं? आम्ही समजलो की जावई रुसला. रुसणारच! आपल्याकडं जावई मांडवात रुसतो, घड्याळ मिळालं की हसतो, मग पंगत बसते. हा जरा लवकर रुसला इतकंच. जमुना म्हणाली, अंगठी घेऊन जा. मी म्हणालो, मोटारसायकल मागत असला तर? ती म्हणाली, आधी अंगठी दाखवा, तोंड किती उघडतो ते पाहा. तर मी अंगठी खिशात आणि डबा हातात घेऊन मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती गाठली आणि तिथून नांदगाव पेठ. (तुमच्याकडे आलो नाही त्याबद्दल माफी. शकुनताईंनी जेवल्याशिवाय सोडलं नसतं आणि तुम्ही गुडघा दाखवल्याशिवाय.) पाळी सुटली, नितेश बाहेर आला, मला पाहून पाया पडला. टपरीवर बसलो. मी अंगठी पुढं केली. त्यानं ती परत माझ्या खिशात घातली आणि म्हणाला, "मामाजी, मले काईच नको. मले फक्त मारा."

डोमाजीराव, टपरीवर बसलेल्या सगळ्या माणसांचे कप जागच्या जागी थांबले. मी घाबरून म्हणालो, बाबा, हळू बोल. तो आणखी जोरात बोलला. "तुमच्या घरी तुमाले लागते, रागिणीले लागते, शुभमले त्याची माय अजून लाटन्यानं हानते. मलेच काई लागत नाई. मी कायले पुढं उभा राहू? घरच्यालेच लागते मामाजी, पाहुन्याले कोनी मारत नाई. मी तुमच्या घरी जन्मभर पाहुनाच राहून राहिलो का?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरात पडला असेल, जन्मभर गाड्यांच्या पत्र्यावर थापा मारून माझा हात जड झालाय. टपरीवाला धावत आला. "काका, जाऊ द्या ना, पोट्टं चांगलं हाये," म्हणून त्यानं आमच्या मधे स्वतःला घातलं. तुमच्यापर्यंत जी बातमी आली ती या टपरीवरून निघालेली आहे आणि वाटेत प्रत्येक थांब्यावर तिनं प्रवासी घेतलेले आहेत.

परत येताना गाडीत मला झोप लागली नाही. लग्नाला चांगली तीन पिढ्यांची माणसं येणार, जावयाला कुठं बसवायचं, काय वाढायचं, कोणता फेटा बांधायचा, सगळं आम्ही ठरवून ठेवलेलं. त्याला आमच्या घरात घ्यायचं कसं, एवढंच राहून गेलं होतं. घरी आलो, जमुनेला सगळं सांगितलं. ती बराच वेळ चूल पुसत बसली (गॅसच आहे, पण आम्ही चूलच म्हणतो). मग म्हणाली, ठीक आहे, काढून टाकते तो नियम.

तर एवढं सगळं लिहायचं कारण म्हणजे तुमचा गैरसमज दूर व्हावा. मारलेलं नाही. शकुनताईंना जेवायला सांगावं. बाकी इथलं सर्व क्षेम, गुडघ्याला तेल लावावं, लोभ आहेच, तो रविवारी वाढेल अशी आशा.

आपला,
खुशालराव
(कान, डोळा वगैरे सर्व शाबूत)

ता. क. एक गोष्ट राहिली. जमुना नियम काढायला तयार झाली, पण एका अटीवर. ती म्हणते, दुसऱ्याचं लेकरू आहे, त्याच्या मायबापाची परवानगी पाहिजे. तेव्हा डोमाजीराव, तुमच्या चिरंजीवांना दर रविवारी नियमानुसार मार खाऊ देण्यास तुमची आणि शकुनताईंची हरकत नाही, असं दोन ओळीत, दोघांच्या सहीने, याच डब्यातून पाठवावं. तुम्ही जन्मभर लोकांची पोरं बदडलीत आणि स्वतःच्या पोराला कधी बोट लावलं नाही, हे नितेशनंच सांगितलं. त्याच्या बोलण्यात जरा तक्रार होती असं मला वाटलं.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं. पहिल्या पानावर लिहिण्याची हिंमत झाली नाही. आमच्याकडचा तो नियम आता रिकामा झाला आहे. चांगला नियम आहे, थोडासाच वापरलेला. टाकून द्यायला जीव होत नाही. तो मी तुमच्याकडे पाठवत आहे. रागिणी तुमच्या घरी येईल. कधी वरणात मीठ जास्त पडेल, कधी उठायला उशीर होईल, कधी तोंडून एखादा शब्द जाईल, ती माझी पोरगी आहे, जाणारच. तुमच्या माणसांत, तुमच्या नातलगांत असे वीस तिच्यावर पडतील. तिथं ताट हातात धरून दाराशी उभी राहायला जमुना नसेल आणि नदीपलीकडे बसलेला वैद्यही नसेल. तेव्हा पहिलं वर्षभर, डोमाजीराव, तिच्यावर पडलेला वीस धरू नका. फार वाटलं तर इकडे पाठवा, मी घेईन. मला सवय आहे.

ता. क. तिसरा, रागिणीच्या अक्षरात. मामाजी, नमस्कार. वाहकाला डबा द्यायला मीच निघाले होते, आणि झाकण सैल होतं. बाबांचं पत्र वाचलं, त्याबद्दल राग मानू नका, मी चोर आहे हे त्यांनी वर लिहिलेलंच आहे. एक गोष्ट त्यांनी चुकीची लिहिलीय. पुलाच्या दिवशी 'धरायचा नाही' असा आवाज आतून आला नव्हता. आई त्या वेळी दळण आणायला गेली होती. तो आवाज बाबांचाच होता, ते सतरंजीवरून उठून उभे राहिले होते. आणि माझ्यासाठी तो नियम ठेवू नका. नितेशला जे नको तेच मलाही नको. माझ्यावर वीस पडला तर धरा, माझा तुमच्यावर पडला तर तुम्हीही धरा. फक्त तुमच्या घरात पट्टी बांधायला कोण बसणार, तेवढं लग्नाआधी ठरवून ठेवा. तेलाची बाटली घरात आहेच, असं बाबा म्हणतात.